वाढवा, शेठ

पनवेलच्या बाजारपेठेत नर्सबाई दिसल्या की चांगली मोठमोठी माणसं गल्ली बदलत. भीतीनं नव्हे, लाजेनं. गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस बाईंना तो जन्माला कसा आला यावरून ठाऊक होता, आणि ती माहिती त्या मनात ठेवत नसत. नगरपालिकेतले हेडक्लार्क कोटाची बटणं लावत आमच्या दुकानावरून चालले की बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "हा पायाकडून आला. अजून तसाच चालतो बघा, पाय पुढे आणि डोकं मागून." एका वकिलांविषयी त्यांचं म्हणणं असं, की जन्मल्यावर ते रडलेच नाहीत, दोन चापट्या दिल्या तेव्हा कुठे तोंड उघडलं, आणि ते अजून मिटलेलं नाही. माझीही सुटका नव्हती. "सहा तास आईला छळलंस," त्या चारचौघांत सांगायच्या. "बाहेर यायचंय हेच तुला उशिरा कळलं. अजून तुला सगळं उशिराच कळतं." मी हसायचो. किराणा दुकानदाराला गिऱ्हाइकाचं बोलणं हसून घ्यायची सवय असते. बाई थट्टेत किती खरं बोलून गेल्या होत्या, तेही मला उशिराच कळलं.

बाई बेने इस्राएल. आमच्या कुलाबा जिल्ह्यात तेव्हा या लोकांची घरं पुष्कळ होती. बोलणं आपल्यासारखंच मराठी, घरात आमसुलाचं सार आणि तांदळाची भाकरी, फक्त शनिवारी चूल पेटायची नाही आणि देवाला मूर्ती नसायची. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला सगळं गाव मशीदच म्हणायचं, आणि तेही तसंच म्हणत. बाईंची नोकरी दवाखान्यात, पण निम्मी बाळंतपणं त्यांनी लोकांच्या घरी जाऊन केली. पांढरं पातळ, हातात बारा महिने काळी छत्री, दुसऱ्या हातात कातड्याची चपटी पिशवी. दुकानात आल्या की ओट्यावरच्या डाव्या खांबाला छत्री टेकवून तिथेच उभ्या राहायच्या. बाकावर कधी बसल्या नाहीत. म्हणायच्या, "मी बसले की कुणाच्या तरी घरून बोलावणं येतं. उभी आहे तोवर तुमच्या गावाच्या लेकीसुना सुखात आहेत."

माझे वडील, दादा, वारले आणि मी गादीवर बसलो, त्याच दिवशी बाईंनी माझ्यासाठी एक कायदा केला. तोवर मला त्या 'अरे तुरे' करत. जन्माच्या वेळी पहिलं नागडं दर्शन ज्यांना झालं त्यांनी दुसरं काय म्हणायचं? पण त्या दिवशी खांबाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "शेठ, दोन शेर तांदूळ द्या." मी संकोचून म्हटलं, "बाई, मला कसले शेठ म्हणता?" तर म्हणाल्या, "तुला नाही म्हणत. दादाशेठच्या गादीला म्हणते. गादीवर असलास की तुम्ही, उतरलास की तू." आणि हा कायदा त्यांनी अक्षरशः पाळला. मी पोतं उचलायला खाली उतरलो की "जपून रे, कंबर धरेल तुझी," आणि परत बसलो की "किती झाले, शेठ?"

आमच्या दुकानात बाईंचं खातं फार जुनं, त्यांच्या लग्नापासूनचं. महिना भरला, पगार झाला, पैसे चुकते. वीस-बावीस वर्षं असंच चाललं. मग त्यांच्या यजमानांना, नानांना, क्षय झाला. नाना मिठागर खात्यात कारकून होते, सरळ, मितभाषी माणूस. चार वर्षं ते खाटेवर होते. त्या चार वर्षांत बाईंचा पगार औषधांत गेला आणि बाकीचं सगळं आमच्या वहीत आलं. तांदूळ, तूप, साखर, घासलेट, आणि 'किरकोळ' या नावाखाली दादांनी रोख दिलेले पैसेही. नाना गेले तेव्हा खात्यावर चारशे बारा रुपये निघत होते. तेव्हाचे चारशे बारा. दादा त्यांच्याकडे समाचाराला गेले आणि पैशाचा विषय निघताच उठून आले. पण बाईंनी पुढच्याच पहिल्या तारखेला ओट्यावर पाच रुपये ठेवले. दर महिन्याला पाच. मुलगा मोशे मुंबईला मोटारींच्या कारखान्यात लागला होता, त्यानं द्यायचं म्हटलं तर त्याला म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं खाल्लेलं तूप आहे ते. त्याचे पैसे मी देणार."

त्या पाच रुपयांव्यतिरिक्त वर्षातून एकदा बाई जादा रक्कम आणत, ती दारफाळणीच्या आदल्या दिवशी. दारफाळणी हा त्यांचा मोठा सण. नवं वर्ष लागल्यावर दहाव्या दिवशी येतो. पांढरे कपडे घालायचे, कडक उपास करायचा, दार लावून घ्यायचं, दिवसभर बाहेरच्या कुणाशी शिवाशिव नाही, बोलणं नाही. त्या दिवशी वर देवाच्या घरी वर्षाचा निकाल लागतो आणि दार मिटतं, असं बाई सांगायच्या. म्हणून त्याच्या आत ज्याचं त्याला द्यायचं, आणि ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची. त्या दुकानात येऊन पैसे ठेवत आणि माझ्यापुढे हात जोडत. "वर्षभरात काही जास्त बोलले असेन तर माफ करा, शेठ." मी म्हणायचो, "पुष्कळ बोललात." "मग पुष्कळ माफ करा," म्हणून छत्री उचलून चालू लागत.

आता दादांचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. फिटलेलं खातं दादा बंद करत नसत. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही सुरू झाली की जुन्या गिऱ्हाइकाला, त्याच्याकडे एक पै निघत नसली तरी, कोरं पान द्यायचं. आणि त्या पानावर मुहूर्ताची म्हणून एक ओळ लिहायची, पाव शेर गूळ. खात्याखाली दोन तांबड्या रेघा मारायच्या त्या दोनच वेळा, माणूस गेला तर किंवा कायमचा गाव सोडून गेला तर. मी थोडं इंग्रजी शिकलो होतो, अलिबागला कुणा ओळखीच्याच्या पेढीवर सहा महिने बसलोही होतो. मला तो कागदाचा नास वाटायचा. दादा गेल्यावर मी तो नियम मोडला. ज्याचं देणं फिटलं आणि ज्यानं बंद करायला हरकत नाही म्हटलं, त्याचं खातं मी रेघा मारून मोकळं करू लागलो.

बाईंचे शेवटचे अकरा रुपये राहिले तेव्हा मी त्यांनाही सुचवलं. "बाई, आता सण येईल तेव्हा पुरतं फेडा आणि खातं बंद करून टाका. मोकळ्या व्हा. रोखीनं घ्या लागेल ते."

बाई खांबाला पाठ टेकून उभ्या राहिल्या. "बंद करावं असं मलाही वाटतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती वही उघडली की मला नानांचं खोकणं ऐकू येतं. आणि उघडं खातं म्हणजे हात सैल सुटतो, हेही खरं. पण शेठ, रोखीनं घेणारं गिऱ्हाईक म्हणजे एस.टी.तून उतरलेला माणूस. पैसे टाकले, पुडी घेतली, गेला. खातं असतं ते गावातल्या माणसाचं."

"तुम्ही गावातल्या नाही असं कोण म्हणेल?"

"मोशे म्हणतो," बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून निळं पत्र काढून दाखवलं.

मोशे तोवर बायकोला घेऊन इस्राएलला गेला होता. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांच्यातली कितीतरी घरं गेली. आधी एखाददुसरं, मग एकामागून एक. मशिदीत शनिवारी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमायची पंचाईत होऊ लागली. मोशे दर पत्रात लिही, आई, आता तुझं तिथे कोण आहे? बाई पत्र वाचून दाखवत आणि उत्तर माझ्याकडे मागत. "काय लिहू त्याला? कोण आहे माझं इथे?" मी म्हणायचो, "सगळं गाव आहे." "गाव आहे हो. पण गावानं तसं कधी लिहून दिलेलं नाही." त्या मोजून बोलणाऱ्या नव्हत्या, तरी हे वाक्य त्या तोलून, दोन-तीनदा बोलल्या. खातं ठेवायचं की बंद करायचं, हा त्यांच्या लेखी पनवेलला राहायचं की जायचं हाच प्रश्न होता. समोर उघडी वही घेऊन बसलेल्या मला तेवढं वाचता आलं नाही.

दारफाळणीच्या आदल्या दिवशी दुपारी बाई आल्या. दुकानात गर्दी होती. तळोज्याकडची दोन-तीन आगरी माणसं मीठमसाला घ्यायला आली होती, एक गाडीवान पेंडीच्या भावावरून घासाघीस करत होता. बाईंनी अकरा रुपये ओट्यावर ठेवले. मी जमा केले. सहा वर्षांचं देणं फिटलं होतं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी त्यांना तशा हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मग बाई, खात्याचं काय ठरलं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "वाढवा, शेठ."

एवढंच. हात जोडले, "पुष्कळ माफ करा" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना न्हाऊन सूर्यास्ताच्या आत दार लावून घ्यायचं होतं.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? बांगडी फुटली असं आपल्या घरात कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं की ते वाढलं. नारळ फोडायचा तर तो वाढवायचा. आणि दुकान बंद करणं हे शब्द तर कुठल्याच दुकानदाराच्या तोंडून निघत नाहीत. रोज फळ्या लावताना दादा म्हणायचे, "चला, दुकान वाढवा." माझा जन्म त्या शब्दात गेलेला. बाईंनी वाईट शब्द टाळून चांगला वापरला, असं मी धरलं. उद्या दार मिटायचा सण, आज देणं फिटलं, आणि मीच त्यांना बंद करा म्हणून सांगितलेलं. माणूस आपण जे सांगितलेलं असतं तेच ऐकतो. मी तांबडी शाई घेतली आणि पट्टी लावून दोन रेघा मारल्या. सुरेख आल्या होत्या. त्यांच्या खात्याचा असा छान शेवट केला म्हणून मला मनातून बरंही वाटलं.

पाडव्याला सकाळी नव्या वहीची पूजा झाली. बाई दरवर्षी या पूजेला नारळ आणत, त्यांच्या देवाला मूर्ती नसली तरी आमच्या वहीला नारळ देण्यात त्यांना काही गैर वाटत नसे. त्याही वर्षी आल्या. मी नारळ वाढवला, सगळ्यांना पेढे दिले. खातेदार एकेक करून पुढे येत होते आणि मी त्यांच्या पानावर पाव शेर गुळाची ओळ लिहीत होतो. बाई पुढे झाल्या. "माझी ओळ लिहा, शेठ."

मी हसून म्हटलं, "तुमचं खातं वाढवलं ना, बाई! आता कुठली ओळ? आता तुम्ही मोकळ्या."

बाईंनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. क्षणभर त्यांना काही समजलंच नाही, मग समजलं. ते त्यांच्या डोळ्यांत मी पाहिलं, आणि पाहूनही मला काही कळलं नाही. "हो की," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं." कनवटीचे पैसे काढून त्यांनी पाव शेर गूळ रोखीनं घेतला. छत्री उचलली. त्यांचा पेढा द्रोणात तसाच राहिलेला मी नंतर पाहिला. घाईत विसरल्या असतील म्हणून बायकोनं तो त्यांच्या घरी पाठवला.

त्यानंतर चार महिन्यांत गावात बातमी झाली की नर्सबाई चालल्या. मला ती माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकाकडून कळली. मी तसाच फळ्या लावून त्यांच्या घरी गेलो. घर अर्धं रिकामं झालं होतं. नानांची खाट कुणाला तरी दिलेली, भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या. बाई जमिनीवर बसून पेटीत कपडे भरत होत्या.

"बाई, अचानक कसं ठरलं?"

"अचानक कुठे? तुझ्या वहीत आधी ठरलं, मग माझं ठरलं."

"माझ्या वहीत? तुम्हीच तर म्हणालात, वाढवा."

त्यांनी हातातली घडी मांडीवर ठेवली. "अरे, वाढवा म्हणजे वाढवा! पुढच्या वहीत न्या, चालू ठेवा. माझी गाडी कितीतरी महिने बंद करू की ठेवू इथेच अडली होती. शेवटचे पैसे दिले तेव्हा वाटलं, नाही, ठेवायचं. इथेच राहायचं. म्हणून एवढ्या आनंदानं म्हटलं तुला, वाढवा." मग त्या हसू लागल्या. हसता हसता चष्मा काढून पुसला. "सहा तास छळलं होतंस आईला. मला तेव्हाच समजायला हवं होतं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. "मग पाडव्याला का नाही सांगितलंत? तिथल्या तिथे दुसरं पान दिलं असतं."

"चार माणसांत, पूजेच्या दिवशी, गादीवरच्या माणसाची चूक काढायची? दादाशेठची गादी ती." त्यांनी मांडीवरची घडी उचलून पेटीत ठेवली. "आणि खरं सांगू? मला वाटलं, माझ्या तोंडून तो शब्द उगाच नाही निघाला. दार मिटायच्या आदल्या दिवशी निघाला, म्हणजे वरच्यानंच निकाल दिला. दादाशेठ दोन रेघा कधी मारायचे, मला ठाऊक आहे. माणूस गेला तर, नाहीतर गाव सोडलं तर. मी मेले तर नव्हते. घरी जाऊन मोशेला पत्र टाकलं."

"मी आत्ता जाऊन पान उघडतो."

"आता तिकीट आलं रे." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझ्यामुळे नाही जात. मोशेच्या बायकोला दिवस गेलेत. गावभरची पोरं ह्या हातांनी घेतली, आणि माझं नातवंड परक्याच्या हातात द्यायचं?" बाळंतिणीला धीर द्यायला त्या खोटं बोलत असत, हे गावातली प्रत्येक बाई सांगेल. त्या दिवशी त्या माझ्याशी त्याच आवाजात बोलल्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. आजही ठेवत नाही.

बाई गेल्या त्या दिवशी मोटार स्टँडवर बायका इतक्या जमल्या, की कंडक्टरला वाटलं कुणी पुढारी येतोय. तळोज्याची एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन रडत होती. "बाय, तू चालली, मंग आमी कोणाकडं जावाचं? दवाखान्यात ती नवी पोरगी हाय, ती आमचं काय आयकतच नाय." बाईंनी तिच्या नातवाचं डोकं चाचपलं, "हा डोक्याकडून आला होता, हुशार निघेल," म्हणून सांगितलं आणि सामानापाशी भाच्याला उभं करून एकट्याच आमच्या दुकानाकडे आल्या. तो भाचा उरणचा, पोस्टात कारकून. मी गादीवर होतो. स्टँडवर जायचं धाडस मला झालं नव्हतं. बाईंनी छत्री डाव्या खांबाला टेकवली.

"अर्धा शेर आमसुलं द्या, शेठ."

मी आमसुलं तोलली. पुडी बांधताना हाताला दोरा सापडेना.

"किती झाले?"

"सहा आणे. पण बाई, आज पैसे नका..."

"पैसे देत कोण आहे?" त्यांच्या हातात नोटांनी फुगलेलं पाकीट होतं, घरातलं सामान विकल्याचे पैसे. ते त्यांनी माझ्यासमोर कमरेला खोचलं. "लिही."

मी गादीवर होतो, आणि त्या मला 'लिही' म्हणाल्या. आपला कायदा त्यांनी एकदाच मोडला तो तेव्हा. मी नव्या वहीत कोरं पान काढलं, वर नर्सबाई असं लिहिलं, खाली अर्धा शेर आमसुलं, सहा आणे. त्यांनी वाकून ते वाचलं, पुरतं वाळेपर्यंत थांबल्या, आणि छत्री घेऊन स्टँडकडे गेल्या.

पत्रं यायची. निळ्या कागदावर बारीक मराठी अक्षर. नातू झाला, पण तो इस्पितळात, डॉक्टरांच्या हातून. बाईंना काचेतून दाखवला. भाषा येत नाही म्हणून त्यांना तिथे नर्सचं काम मिळालं नाही. रखरखीत उन्हातलं नवं गाव, दिवसभर घरात बसून शेंगा निवडायच्या. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "रस्त्यानं माणसं जातात, पण कोण पायाकडून आला आणि कोण डोक्याकडून, काही म्हणता काही कळत नाही. एवढी माणसं, आणि मला कुणाचंच काही ठाऊक नाही. पनवेलमध्ये मी कधी एकटी नव्हते, हे इथे आल्यावर समजलं." प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असे, "खातं चालू आहे ना?" मी उत्तरात लिहायचो, "चालू आहे." त्याहून जास्त काही लिहायला बसलो की मला माफी मागावीशी वाटे, आणि ती कागदावर कशी मागायची ते कळत नसे. त्यांच्यासारखे नुसते हात जोडून "पुष्कळ माफ करा" म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यासाठी माणूस समोर असावा लागतो.

मधे नवे पैसे आले. सगळी खाती आण्यांतून नव्या पैशांत करता करता मला आणि दुकानातल्या मुनीमजींना महिना लागला. बाईंचं पान मी तेवढं हातात घेतलं नाही. ते सहा आणेच राहू दिले. पाडव्याला ते पान नव्या वहीत जायचं तेही सहा आणे म्हणूनच.

मग एका वर्षी, दारफाळणीच्या आदल्याच दिवशी, तो उरणचा भाचा दुकानात आला. पांढरे कपडे पिशवीत होते, मशिदीत जायचं म्हणून. म्हणाला, "मावशी गेली." मोशेचं पत्र त्याला आलं होतं. शेवटच्या दिवसांत बाई भलतंसलतं बोलत होत्या, पण एक गोष्ट त्यांनी शुद्धीत सांगितली होती, पनवेलच्या दुकानात सहा आणे देणं आहे, ते दार मिटायच्या आत द्या. भाच्यानं ओट्यावर नाणी मांडली. पंचवीस, दहा, दोन. "सहा आण्यांचे सदतीस नवे पैसे. मोजून घ्या आणि खातं बंद करा, म्हणजे मी मोशेला कळवतो."

मी नाण्यांकडे पाहत राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "सहा आण्यांचे साडेसदतीस होतात."

"सरकारी कोष्टकात सदतीस आहेत. मी पोस्टात आहे, मला पाठ आहे."

"कोष्टकात असतील. हिशेबानं साडेसदतीस."

मी घासाघीस करतोय असं त्याला वाटलं असेल. वाटू दे. त्यानं रागानं खिशात हात घातला आणि आणखी एक नवा पैसा नाण्यांवर आपटला. "हे घ्या अडतीस! मावशीच्या अंगावर काही राहायला नको. झालं समाधान? मारा आता रेघा."

मी वही उघडली. अडतीस नवे पैसे जमा केले. तांबडी शाई समोर होती, पट्टीही होती. बाई गेल्या होत्या. माणूस गेला की रेघा मारायच्या, हा दादांचाच नियम. मी आकडा पुन्हा एकदा पाहिला, आणि वही मिटली.

"रेघा मारता येत नाहीत," मी म्हटलं.

"आता काय राहिलं?"

"तुमच्या मावशीकडे काही राहिलं नाही. तसं मोशेला कळवा, सगळं फिटलं म्हणून. पण अर्धा पैसा जास्त आला. तो दुकानाकडून त्यांना देणं आहे."

"अर्धा नवा पैसा? असं नाणंच नाही!"

"नाही खरं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत, सूर्य कलतोय म्हणून घाईनं निघून गेला. मी गादीवरून खाली उतरलो, डाव्या खांबाजवळ जाऊन उभा राहिलो, आणि गिऱ्हाइकांदेखत हात जोडले. बाई आडव्या येतील म्हणून जे गल्ली बदलायचे तेच हेडक्लार्क तेव्हा समोरून चालले होते. त्यांना वाटलं मी त्यांनाच नमस्कार केला. त्यांनीही केला.

त्या पाडव्याला मी स्वतः नारळ आणला. पूजा झाल्यावर तो वाढवला, आणि मग नर्सबाईंचं पान पुढच्या वहीत वाढवलं. देणे, अर्धा नवा पैसा.